बाटलीमागे दीडशे

“अक्का, नळाचं पाणी न्हाई ओ. सलाइनच हाय, शेटे डॉक्टरची शपथ,” रावसाहेब म्हणाला.

“डॉक्टरची शपथ घेऊन त्याला कशाला मारतोस? मग तुला बाटल्या कोण लावणार?” असं म्हणत मी बाटली उलटी धरली आणि तळहातावर झटकली. एक थेंब पडला. तो जिभेच्या टोकाला लावून पाहिला. खारट. म्हणजे खरी.

वहीत रकाने भरले. तारीख, नाव, बाटली एक, चव ‘खा’. बाटलीच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि दीडशे रुपये रावसाहेबाच्या पुढ्यात ठेवले. नावाचा रावसाहेब, वाजवायचा मोठा ढोल, आणि पोट त्या ढोलाच्या मापाचं. आदल्या दिवशी बारशाचं जेवण जास्त झालं होतं, एवढाच त्याचा आजार. पण बाटली लागली होती, आणि बाटली लागली म्हणजे माणूस आजारी, हा आमच्या बँडचा कायदा होता. कायदा मीच केला होता.

बँडच्या दुकानाबाहेरच्या बाकावर दस्तगीर मास्तर बसले होते. डाव्या पायातला बूट काढून त्यांनी शेजारी ठेवला होता आणि त्यावर रुमाल झाकला होता. बुटावर रुमाल कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं. विचारलं मात्र नाही.

वीस-बावीस वर्षं झाली ह्या गोष्टीला. आमचा ‘अप्सरा ब्रास बँड’ तेव्हा तालुक्यात एक नंबरचा. छातीवर सोनेरी अक्षरांत अप्सरा लिहिलेले चोवीस मिशीवाले रस्त्यानं निघाले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बँड आमच्या ह्यांनी काढला. ते गेले तेव्हा मी चाळिशीची होते. बँड मोडून वाद्यं विकावी असं दीर म्हणाले. मी म्हटलं, वाजवता मला येत नाही, पण मोजता येतं.

पहिलं काम केलं ते आजारपेटीचं. ह्यांच्या शेवटच्या दुखण्यात घरातलं सगळं गेलं होतं. तसं कुणाचं होऊ नये म्हणून दर सुपारीला प्रत्येकानं दहा रुपये टाकायचे. सुपारी म्हणजे बँडचं बोलावणं. चोवीस माणसांचे दोनशे चाळीस. एका मोडक्या कॉर्नेटची, म्हणजे छोट्या पितळी बिगुलाची, पेटी होती, आतून जांभळ्या मखमलीची. तिच्यात कॉर्नेटच्या खळग्यात नोटा ठेवायच्या आणि किल्ली माझ्या कमरेला.

पहिल्या वर्षीच पेटीला भोक पडलं. सोमवारी अर्धा बँड आजारी. कुणाचं डोकं, कुणाची कंबर. रविवारच्या वरातीत पिलेली दारू सोमवारी आजारपण होऊन माझ्या दारात यायची. आमच्या डॉक्टरांकडे पावतीची पद्धत नव्हती, आणि चिठ्ठ्या कुणीही कुणाच्याही आणायचं. मग मला युक्ती सुचली. खरा आजारी कोण? ज्याला सलाइन लागतं तो. रिकामी बाटली आणा, बाटलीमागे दीडशे न्या. शेटे डॉक्टर बाटलीचे शंभर घ्यायचे, वरचे पन्नास गोळ्यांना. ढोलवाला असो की मास्तर, सगळ्यांना सारखं. कुणाला तक्रारीला जागा नाही.

एकच बाटली तिघांनी आणली तेव्हा नेलपॉलिश आलं. रावसाहेबानं उकिरड्यावरची बाटली धुऊन आणली तेव्हा जीभ आली. खारट असो की गोडसर, दोन्ही चवी खऱ्या. बेचव निघाली की लबाडी. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं तेव्हा.

रावसाहेब गेल्यावर मास्तर आत आले. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. मास्तर आमचे क्लॅरनेटवाले. पंचावन्नच्या आसपास वय, बारीक अंग, कानात अत्तराचा फाया. आमच्या ह्यांचे जोडीदार, म्हणून मला वहिनी म्हणायचे. त्यांनी सुरुवात करून दिल्याशिवाय बँड हलायचा नाही. सुपारी द्यायला येणारे आधी विचारायचे, “मास्तर असणार ना?” नसले तर पाचशे कमी.

“वहिनी, पेटीतून थोडी मदत मिळेल का?”

“काय झालं?”

“पाय जरासा बिघडलाय.”

मोजा काढायला त्यांना बराच वेळ लागला. चिकटला होता. तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम. कडा पांढऱ्या, मधे काळपट. आणि वास. मी पदर नाकाला लावणार होते, तो हात केसांकडे नेला.

“हे कशानं?”

“बुटात खिळा वर आला होता. परवाच्या वरातीत.”

ते पांढरे बूट मीच आणले होते. चोवीस जोड, घाऊक भावात. “मग थांबायचं नाही का? काढून टाकायचा खिळा.”

“घरी आल्यावर हमीदानं मोज्यावर रक्त बघितलं, तेव्हा कळलं.” मास्तर हसले. “साखरेमुळं पायाला कळतच नाही, वहिनी. दोन मैल वाजवत आलो खिळ्यावर उभा राहून.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“रोज पट्टी बदलायची. पंचवीस रुपये पट्टीचे. साखरेच्या गोळ्या मी एक दिवसाआड घेत होतो, त्या रोज घ्यायच्या, त्याचे पाच. तीस रुपये रोज झाले. आणि चालू नका म्हणाले.”

“बाटली लावली का?”

“बाटलीची गरज नाही म्हणाले.”

मी वहीकडे बघितलं. त्या दिवशी, बावीस एप्रिलला, पेटीत आठ हजार सातशे चाळीस होते. पेटीनं दहा हजार कधी बघितले नव्हते. लग्नसराई ऐन भरात होती. पाच आकडे झाले की पोस्टात खातं उघडायचं, अप्सराच्या नावानं, हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पोस्टमास्तरांकडून कागदही आणून ठेवला होता.

“मास्तर, पट्टीला दिलेलं नाही आपण कुणाला.”

“मला माहीत आहे. म्हणून तर विचारलं.”

“मी मंडळींना विचारते. सोमवारी.”

ते मोजा घालायला लागले. चालू नका असं डॉक्टरनं सांगितलेलं आम्हा दोघांनाही ऐकू आलं होतं. त्यावर दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. घरी बसले तर मास्तरांची एकशेवीसची मजुरी जात होती, आणि माझे पाचशे.

सोमवारी संध्याकाळी मास्तर आले.

“मंडळी नाही म्हणाली, मास्तर.”

“बरं.” त्यांनी मान हलवली. “बरोबरच आहे त्यांचं. मोडायला लागला की कायदा राहत नाही.”

त्यांचा हा भलेपणा मला टोचला. जायला वळले तेव्हा ते टाच टेकवून चालत होते. मी हाक मारली.

“थांबा. हे बघा, बाटलीचे मी देते दीडशे. डॉक्टर घेतो शंभर. उरले पन्नास. म्हणजे दोन पट्ट्या. लावून घ्या की एक बाटली.”

“पण मला अशक्तपणा नाही.”

“म्हणून काय झालं? रावसाहेबाला तरी कुठं आहे? सलाइननं कुणाचं वाईट झालंय? तरतरीच येईल.”

मास्तरांनी विचार केला. “दोन पट्ट्यांसाठी पेटीचे दीडशे जाणार, वहिनी.”

“ते मी बघते. कायद्यात बसतं ना, मग झालं.”

मला वाटलं, कायदाही राखला आणि माणूसही राखला. त्या दिवशी मी खुशीत जेवले.

चार बाटल्या झाल्या त्यांच्या, दहा-बारा दिवसांत. शेटे डॉक्टरकडे अप्सराचा माणूस गेला की कंपाउंडर दारातच म्हणायचा, “आडवे व्हा.” कुठली लावायची हे तो खोक्यात जी हाताला येईल तिच्यावरून ठरवायचा. मास्तर बाटली कागदात गुंडाळून आणायचे. मी झटकायची, चाखायची, लिहायची, दीडशे द्यायची. ठिपका द्यायची.

पट्टी एका दिवसाआड, कधी दोन दिवसांआड होत होती. गोळ्यांचं मी विचारलं नाही.

मधल्या दिवसांत माझी नजर खाली गेली ती वर येईना. वरात निघाली की नवरदेव, घोडी, नाचणारी पोरं, सगळं सोडून मी पाय मोजायची. चोवीस जोड पांढरे बूट, एका तालात. त्यातला एक अर्धा ठोका उशिरा पडायचा. आज तो किती उशिरा पडतो, एवढंच मी बघायची. मास्तरांनी अत्तर वाढवलं होतं. पायावर दुधाची पिशवी बांधून वरून मोजा घालतात, हे मला रावसाहेबानं सांगितलं.

“अक्का, मास्तरच्या शेजारी हुबं ऱ्हावत न्हाई आता. काय तरी बघा.”

“चाललंय त्यांचं औषध.”

“बाटल्या चालल्यात. पायाला कुठं बाटली बांधत्यात?”

“तू डॉक्टर झालास का?”

“न्हाई बा,” तो म्हणाला. “म्या ढोलवाला.” आणि निघून गेला.

एक दिवस हमीदाभाबी आल्या. दुकानाची पायरी त्या सहसा चढत नसत. हातात ताकाची किटली.

“वैनी, ह्यांना रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं. घसा सारखा कोरडा. बाटली लावली की त्या दिवशी तर जास्तच. असं असतंय का?”

“उन्हाळा आहे भाबी. मलाही तहान लागते.”

“अकराची सुपारी झाली की बसवते घरात. तुम्ही पण सांगा.”

“सांगते ना,” मी म्हटलं. ताक चांगलं झालं होतं.

अकरा मेची सुपारी म्हणजे साखर कारखान्याच्या संचालकाच्या मुलीचं लग्न. अकरा हजार ठरले होते, त्यातले दोन हजार ‘मास्तर पाहिजेत’ ह्या शब्दाचे. दुपारी चारला मारुतीच्या देवळापासून मंगल कार्यालयापर्यंत, दोन किलोमीटर. डांबर मऊ झालं होतं.

मी मास्तरांच्या मागून चालले. पहिल्या अर्ध्या किलोमीटरात त्यांचा डावा पाय बरोबर पडत होता, आणि मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं, त्यांनी लंगडणंच सोडलं होतं. पाय उचलत होते आणि तसाच टाकत होते, लाकडासारखा. क्लॅरनेट मात्र असं वाजत होतं की संचालकसाहेब गाडीतून उतरून नोटा ओवाळायला आले. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर बुटाच्या शिवणीतून ओल बाहेर आलेली मला दिसली. पांढऱ्यावर पिवळी, मग तांबूस.

“मास्तर, बसा गाडीवर,” मी जवळ जाऊन म्हटलं. आमच्या वाजंत्र्यांबरोबर भोंग्याची हातगाडी असायची.

त्यांनी नळी तोंडातून काढली नाही. डोळ्यांनीच नाही म्हणाले. डोळे लाल झाले होते.

कार्यालयाच्या कमानीखाली शेवटचा सूर ओढला आणि ते खाली बसले. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. रावसाहेबानं ढोल टाकला, मास्तरांना लहान पोरासारखं उचललं आणि ओरडला, “गाडी बघा कुनीतरी!”

संचालकांच्याच एका जीपमधून आम्ही मिरजेला निघालो. मागच्या बाकावर मास्तर, त्यांचं डोकं रावसाहेबाच्या मांडीवर. रावसाहेब अजून अप्सराच्या लाल डगल्यात. माझ्या मांडीवर मखमलीची पेटी आणि वही. पेटीत त्या दिवशी दहा हजार दोनशे सत्तर झाले होते. वाटेत मी दोनदा मोजले.

मिरजेतल्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी बूट कात्रीनं कापला. पिशवी काढली. मग नर्सला रक्त घ्यायला सांगितलं.

रक्ताचा तपास आला. “साखर चारशे साठ आहे,” त्या म्हणाल्या. “गोळ्या घेत नव्हते का?”

“घेत होते. अधूनमधून,” मी म्हटलं.

“पट्टी?”

“अधूनमधून.”

“मग उपचार काय चालले होते वीस दिवस?”

“सलाइन.”

“कशासाठी?”

मी वही पुढे केली. वहीत सगळं बरोबर असायचं. माझ्या वहीनं मला तोवर कधी तोंडघशी पाडलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मास्तरांच्या ओळींवर बोट फिरवलं.

“ही बाटल्यांची नोंद. आणि हे ‘गो’ काय आहे? चारही ठिकाणी ‘गो’.”

“चव.”

“कसली चव?”

“बाटलीची. मी चाखून बघते. खरी का खोटी ते.” मी रावसाहेबाच्या ओळीवर बोट ठेवलं. “‘खा’ म्हणजे खारट.”

“आणि गो म्हणजे?”

रावसाहेब माझ्याकडे बघत होता.

“गोड,” मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी वही मिटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “साखरेच्या पेशंटला साखरेचं पाणी,” त्या हळू म्हणाल्या. “ह्या चार बाटल्यांनीच पाय गेला असं मी म्हणणार नाही. जखम धुतली गेली नाही, गोळ्या पोटात गेल्या नाहीत, माणूस चालत राहिला, त्यानं गेला. पण जखम धुवायला तुमच्याकडे पैसे नव्हते आणि ह्याला होते?”

“पाय गेला?” रावसाहेब म्हणाला.

“पुढचा अर्धा. आत्ताच्या आत्ता काढला तर टाच वाचेल, टाचेवर चालता येईल. परवापर्यंत थांबलात तर गुडघ्याखालून. त्याच्या पुढचं मी आत्ता बोलत नाही. दहा हजार भरा, बाकी नंतर. आमच्या धर्मादाय खाटा भरलेल्या आहेत.”

मी काउंटरवर पेटी उघडली. खळग्यातून नोटा काढून मोजल्या. दहा हजार गेले, दोनशे सत्तर राहिले. पोस्टाचा कागद अजून त्याच पेटीत होता, घडी घातलेला.

मास्तरांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर बसून मी काय करत होते, ते सांगायला लाज वाटते. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करत होते. बावीस एप्रिल ते अकरा मे, वीस दिवस. पट्टी पंचवीस, गोळ्या पाच. रोज तीस. वीस त्रिक साठ, वर एक शून्य. सहाशे.

आणि मास्तरांच्या चार बाटल्यांचे मी दिले होते, चार गुणिले दीडशे. सहाशे.

दोन्ही आकडे मी तपासून बघितले. फरक निघतो का ते बघितलं. एक रुपयाचाही निघाला नाही.

“अक्का,” रावसाहेब शेजारी बसत म्हणाला, “कमी पडतील त्याला माझी मजुरी धरा आजची. सगळ्यांची धरा. कुनी बोलायचं न्हाई, मी बघतो.” मग डगल्याची बटणं काढता काढता म्हणाला, “पर एक इचारू? मास्तरला पट्टीला पैसे पायजे हुते, हे आमाला का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं की. सोमवारी.”

“सोमवारी तुमी मास्तरचं नाव कुठं घेतलं?”

आता ते सांगून टाकते. सोमवारी मंडळी जमली होती, चहा चालला होता. मी हसत हसत म्हटलं, “काय रावसाहेब, उद्या कुणी खरूज घेऊन आला, तर पेटीतून मलमाचे पैसे द्यायचे का?” सगळे हसले. रावसाहेबच म्हणाला, “मलमाला देशीला तर मी पावडर, कुकू, समदं घिऊन येतो अक्का.” पुन्हा हसले. मी विचारलं, “मग नाही ना?” चोवीसातले तेवीस एका सुरात म्हणाले, “न्हाई!” चोविसावे पाय वर घेऊन घरी पडले होते.

मी विचारलं होतं. उत्तर आलं होतं. खोटं मी मास्तरांशी काहीच बोलले नव्हते.

“मास्तरसाठी म्हनला असतात,” रावसाहेब म्हणाला, “तर कोन न्हाई म्हनलं असतं, अक्का?”

टाच वाचली. सतरा दिवस ते मिरजेत होते. बिल पंधरा हजार चारशे झालं. दहा हजार पेटीचे आणि बाकीचे मंडळींनी लग्नाच्या मजुरीतून सोडले, कुणी पन्नास, कुणी शंभर. मी माझा वाटा घातला, त्याचा आकडा इथं सांगत नाही. सांगितला तर जास्त वाटेल.

मास्तर घरी आल्यावर दोन दिवसांनी हमीदाभाबी दुकानात आल्या. पाठीवर पिठाच्या गिरणीतलं पोतं, तोंड सुतळीनं बांधलेलं. खाली ठेवलं तेव्हा आतून खडखड आवाज आला.

“हे काय, भाबी?”

“बाटल्या. मिरजेच्या.” त्यांनी सुतळी सोडली. “तिथली नर्स फेकत होती. मी म्हटलं, फेकू नका, आमच्यात लागतात. तेरा आहेत. एकीचं बूड फुटलंय, ती धरणार नसाल तर राहू दे. ह्यांनी सांगितलं, वहिनींचं काम चोख असतं, मोजून द्या. आतून थेंब काढू नका म्हणाले, म्हणून धुतल्या नाहीत.”

तेरा बाटल्या त्यांनी काउंटरवर एका ओळीत मांडल्या. नेलपॉलिशची बाटली माझ्या हाताशीच होती. मी झाकण फिरवलं आणि परत लावलं.

“भाबी, बसा.”

“बसत नाही. त्यांना एकटं ठेवून आलेय.”

“मंडळी नाही म्हणाली, असं मी मास्तरांना सांगितलं होतं.”

“ते सांगितलं त्यांनी. तुमचा काय दोष त्यात.”

“मी मंडळींना विचारलंच नव्हतं. म्हणजे, खरजेचं विचारलं. मास्तरांचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर ते हो म्हणाले असते. दहा हजार व्हायला थोडेच कमी होते. आणि बाटली लावून घ्या, हे मी सांगितलं. डॉक्टरनं नाही.”

एका दमात बोलले. बोलून झाल्यावर बाहेर बघत राहिले.

हमीदाभाबींनी पोत्याची घडी घातली. एक, दोन, तीन. सुतळी बोटाला गुंडाळली. मला वाटलं, आता ओरडतील. मी त्याला तयार होते.

“तेराचे किती होतात, वैनी?”

“एकोणीसशे पन्नास.”

“द्या.”

पेटीत तेवढे नव्हते. मी घरात जाऊन आणले. त्यांनी ते माझ्यासमोर मोजले, एकेक नोट, बोटाला थुंकी लावून. अप्सराच्या दुकानात माझे पैसे कुणी मोजून घेतल्याचं मला तोवर माहीत नव्हतं. मग त्यांनी नोटा कनवटीला लावल्या आणि म्हणाल्या, “आता ह्यातून रोजची पट्टी होईल.” आणि गेल्या.

बाटल्यांचा कायदा मी त्याच आठवड्यात मोडला, तेही सगळ्यांसमोर. त्या जागी काय आणायचं ह्यावर बरीच भांडणं झाली. पट्टीला पैसे, गोळ्यांना पैसे म्हटल्यावर थोडी लबाडीही झाली, अजून होते. रावसाहेबानं एकदा खरंच पावडरीचा डबा आणला. मी त्याचे पैसे दिले आणि तो महिनाभर लाजत होता. पेटी दहा हजारांवर पुन्हा कधी गेली नाही. पोस्टाचा कागद मी फाडला.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून चालू आहे. सुपारी कितीही मोठी असो, वरात निघायच्या आधी सगळे बाकावर बसून बूट काढतात. मी चष्मा लावून खाली बसते, एकेक बुटात हात घालून बघते आणि प्रत्येकाच्या तळव्याला पेन्सिलचं टोक टेकवून विचारते, “लागतंय का?” डॉक्टरबाईंनी शिकवलेलं. नवे पोरगे खिदळतात. रावसाहेबाला अजून गुदगुल्या होतात. नवरदेवाकडचे लोक दारातून ओरडतात, “अहो, मुहूर्त टळतोय!” टळू दे.

मास्तर आता हातगाडीवर बसून वाजवतात. गाडीला आम्ही झालर लावली आहे, त्यामुळे पाय दिसत नाहीत. त्यांना तपासायचं म्हणजे मलाच गाडीपाशी जावं लागतं. दर वेळी ते स्वतःच उजवा बूट काढून पाय माझ्या पुढ्यात धरतात.

“हा नीट बघा, वहिनी,” म्हणतात. “हा एकच आहे.”

मी टोक टेकवते आणि ते काही बोलेपर्यंत मान वर करत नाही.